फूड ट्रकवरचा छोले टाको, आणि आईबाबांचं मत

ठाण्याच्या आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकोचा, म्हणजे मक्याच्या छोट्या पोळीत सारण घालून दुमडतात त्याचा, फोटो टाकला तर लगेच प्रश्न आला, "छोले मक्याच्या पोळीत? कशाला?" म्हणून जरा सविस्तर लिहितेय, कारण हा विषय मला खरंच जिव्हाळ्याचा आहे.

आम्ही फ्रीमॉन्टला राहतो, सॅन फ्रान्सिस्कोपासून तासाभरावर, आणि सध्या आईबाबा नौपाड्याहून आलेत. एका पार्किंग लॉटमध्ये चार-पाच ट्रक उभे राहतात तिथे त्यांना घेऊन गेले. ट्रक म्हणजे आपल्याकडची हातगाडी नाही हं, आख्ख्या टेम्पोएवढं किचन असतं, आत तवा, फ्रायर, एक्झॉस्ट, पाण्याची टाकी, हात धुवायचं बेसिन, सगळं. कॅलिफोर्नियात नियम कडक आहेत. ट्रक एका ठरलेल्या मोठ्या किचनशी जोडलेला लागतो, त्याला इथे कमिसरी म्हणतात, साफसफाई आणि पाणी भरणं तिथे, आणि एका जागी तासाभरापेक्षा जास्त थांबायचं तर 200 फुटांच्या आत कामगारांसाठी टॉयलेट पाहिजे. बाबा महापालिकेतून रिटायर झालेत, त्यांना हे टॉयलेटचं इतकं पटलं की खाणं बाजूला ठेवून ते आधी खिडकीजवळचं परमिट वाचत उभे राहिले.

आई मेनूकडे बघत होती. चिकन टिक्का बरीटो (मैद्याच्या पोळीत भात आणि टिक्का गुंडाळलेला), छोले टाको, वडापाव स्लायडर (छोट्या बनमधला), मसाला फ्राइज. "अगं, हे एकाच माणसाला सगळं येतं?" तर आत एक पंजाबी बाई आणि एक मेक्सिकन माणूस दोघं मिळून करत होते, आणि मला वाटतं चव तिथेच ठरते.

आधी टाको. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात उकडून भिजवतात, साल सुटलं की वाटतात आणि त्याची टॉर्टिया, म्हणजे ती पोळी, थापतात. त्या चुन्यामुळे मक्याला वेगळाच खमंग वास येतो, साध्या मक्याच्या पिठाला तो नाही. त्यावर सुके छोले, लिंबात मुरवलेला कांदा, हिरवी चटणी. एवढा दणदणीत मसाला असूनही मक्याची चव दबत नाही, दोन्ही कळतात. आईने पहिला घास खाल्ला आणि काही न बोलता दुसरा टाको उचलला.

बरीटो बरा होता. भात बासमती, तो मोकळा, त्यामुळे चावलं की दाणे खाली सांडतात, बरीटोला थोडा चिकट भातच लागतो. पण टिक्क्याचा मसाला त्यांनी चांगला आटवला होता, त्यामुळे मैद्याची पोळी भिजून फाटली नाही. बाबांनी सगळा संपवला.

आणि वडापाव स्लायडर मात्र नाही जमला. पाव म्हणून ब्रियोश, म्हणजे अंडं-लोणी घातलेला गोडसर बन, वडा आधीच तळून ठेवलेला, आणि सुक्या लसणाच्या चटणीच्या जागी चटणी कालवलेलं मेयो. वड्याचं आवरण त्या मेयोखाली मऊ पडलं, तिखट गेलं, लसूण गेला. विष्णुनगरच्या गजाननची बेसनाची पिवळी चटणी खाऊन मोठे झालेल्या माणसांना हे कसं चालेल? लोकांना तिखट झेपणार नाही म्हणून आधीच हात आखडता घेतला की दोन्हीकडची चव जाते, माझं ठाम मत आहे. छोल्यात तो आखडला नव्हता आणि समोरची मेक्सिकन मंडळी ते आवडीने खात होती, मिरची त्यांच्याकडूनच तर पोर्तुगीजांमार्फत आपल्याकडे आली. बटाटाही अमेरिका खंडातलाच, आणि पाव पोर्तुगीजांचा. म्हणजे वडापावात आपलं पक्कं काय तर बेसन, आणि ते सगळं एकत्र बांधणारा हात.

भारतीय-मेक्सिकन जोडी इथे नवीनही नाही. शंभर वर्षांपूर्वी पंजाबातून शेतमजुरीला आलेले पुरुष कॅलिफोर्नियात राहिले, अमेरिकेच्या 1917 च्या इमिग्रेशन कायद्यानंतर गावाकडून बायका आणणं जवळपास अशक्य झालं, कॅलिफोर्नियाच्या 1913 च्या जमीन कायद्याने जमीनही नावावर घेता येईना, मग बऱ्याच जणांनी मेक्सिकन बायकांशी लग्नं केली. त्या घरांत रोटी आणि टॉर्टिया एकाच चुलीवर भाजली गेली. युबा सिटीत रसूल्स एल रँचेरो नावाचं हॉटेल होतं, तिथे रोटी केसाडिया, म्हणजे चीज भरून दुमडलेली रोटी, मिळायचा. ट्रकची लाट त्यामानाने अलीकडची, 2008 ला लॉस एंजेलिसमध्ये रॉय चोई यांच्या कोगी ट्रकने कोरियन पद्धतीचं बीफ टाकोत घातलं, ट्रक कुठे उभा आहे ते ट्विटरवर सांगायचे आणि लोक पळत जायचे, पुढच्याच वर्षी बे एरियात, म्हणजे आमच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या भागात, करी अप नाऊ नावाचा ट्रक टिक्का मसाला बरीटो घेऊन आला.

हे ऐकून आई म्हणाली, "मग तलावपाळीला चायनीज भेळ खातो ते काय वेगळं आहे?" अगदी बरोबर, त्यात तळलेल्या नूडल्स, कोबी आणि शेजवान सॉस असतो आणि ती आपल्याच गाड्यांवर जन्मली, कोणी नाक मुरडत नाही.

इकडे कुणी येणार असाल तर छोले टाको घ्या, स्लायडर सोडा. पैसे देताना स्क्रीनवर टिप 18, 20, 22 टक्के असं विचारतात, आईबाबा गोंधळतात, तेव्हा कार्ड तुम्हीच पुढे करा. बारा वाजायच्या आत जा, नंतर ऑफिसवाल्यांची लाइन लागते, आणि हिरवी चटणी जास्तीची मागून घ्या, मागितली की देतात.