गरम ग्रिप, ओला घाट आणि गिरगिर फिरणारी मूठ

मोटरसायकलच्या मुठींवरची विजेनं तापणारी रबरी आवरणं, म्हणजे या गरम ग्रिप, विकणाऱ्यानंच बसवून दिल्या होत्या. म्हणाला, कुठल्याही गाडीला बसतात, दहा मिनिटांचं काम. ते काम घाटमाथ्यापर्यंत टिकलं.

चढाबद्दल सांगण्यासारखं काही नाही, बोटं ऊबदार होती. उताराला लागल्यावर उजवी मूठ पिळली की नुसतं रबर फिरायचं आणि इंजिन ढिम्म. पुढे ग्रिप आत सरकत स्विचच्या डबीला घासायला लागली, आणि मूठ सोडली तरी थ्रॉटल, म्हणजे वेग देणारी पिळमूठ, मागे येईना. ओला रस्ता, समोर आंधळं वळण, गाडी आपली ओढतेच आहे. क्लच दाबला, इंजिन बंद करणारा किल स्विच मारला, कडेला घेतली. उरलेला उतार हीटिंग बंद ठेवून, दर चार वळणांनी थांबून ग्रिप बाहेर ओढत उतरलो. बोटं बधिर, डोकं तापलेलं. ते अजून निवलेलं नाही, तेव्हा सूर कडक वाटला तर वाटू द्या.

घरी ग्रिप सोलून काढली. आत साध्या ग्रिपचा गोंद, उष्णतेनं च्युइंगमसारखा झालेला. थ्रॉटलच्या प्लास्टिक नळीवरच्या उभ्या रेघा तशाच, म्हणजे चिकटायला जागा फक्त त्यांच्या माथ्यांवर. त्या आधी कानशीनं घासून सपाट करायच्या असतात. ग्रिप गोंदाशिवाय घालून बघा: घट्ट सरकली पाहिजे, ठोकावी लागू नये. हातोडी मारलीत तर आतली हीटिंगची तार तुटेल. मग पॉलिश पेपर, स्पिरिटनं पुसणं आणि उष्णता सोसणारं इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून लावायचा पक्का गोंद. साध्या ग्रिप हेअरस्प्रे मारून चिकटवायचा जुगाड इथे चालत नाही. स्विचच्या डबीपासून दोनेक मिलिमीटर फट सोडा, हॅन्डलच्या टोकाला लावलेल्या वजनापाशीही. रात्रभर हात लावू नका.

गार ग्रिप ओढून 'पक्की बसली' म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पूर्ण गरम करा आणि मग दोन्ही हातांनी पिळा. हलली तर पुन्हा काढा.

उजव्या ग्रिपच्या वायरला ढील हवी. हॅन्डल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवून प्रत्येक वेळी मूठ पूर्ण पिळून सोडा. खटकन परत आली पाहिजे आणि वायर ब्रेकच्या लिव्हरला शिवता कामा नये.

जोडी साधारण तीन-चार अँपिअर खाते. फ्यूज घाला आणि करंट चावीनं सुरू होणाऱ्या रिलेतून (विजेनं चालू-बंद होणारा स्विच) घ्या, नाहीतर रात्रीतून बॅटरी बसेल.

डावी मूठ कमी गरम लागली तर बिघाड समजू नका. तिच्या खाली थेट धातूचा हॅन्डल असतो, तो उष्णता ओढतो. उजवीला प्लास्टिकच्या नळीची आड मिळते. बोटांची पाठ मात्र दोन्हीकडे गारच राहते, त्याला हँडगार्ड, म्हणजे मुठीपुढची वारा अडवणारी ढाल, लागतात. आणि तळव्याकडून जाड असलेले ग्लोव्ह्ज घालणार असाल तर हा सगळा खटाटोप करूच नका, ऊब आत पोचतच नाही.