टू-स्ट्रोक ट्रिमर सुरू होत नसेल तर आधी पेट्रोल बघा

गवत कापायचा ट्रिमर दोरी ओढून ओढूनही सुरू होत नाही, तेव्हा दहापैकी बहुतेक वेळा दोष पेट्रोलचा असतो. ५०:१ मिश्रण म्हणजे १ लिटर पेट्रोलला २० मिली टू-स्ट्रोक ऑइल. प्रमाण मशीनच्या पुस्तिकेत बघा, अंदाजपंचे ओतू नका. ऑइल कमी पडलं तर पिस्टन घासून जाम होतो, जास्त झालं तर स्पार्क प्लग काळाकुट्ट होतो. महिन्याभरापेक्षा जुनं मिश्रण वापरूच नये. त्याचा चिकट थर कार्ब्युरेटरची बारीक छिद्रं बुजवतो. हंगाम संपला की टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा.

फोमचा एअर फिल्टर साबणाच्या पाण्यात धुवून पूर्ण वाळवा. ओला बसवलात तर आणखी त्रास.

प्लग काढताना इंजिन गार हवं. गॅप, म्हणजे प्लगच्या टोकाशी ठिणगी पडते ती फट, साधारण ०.६ ते ०.७ मिमी. टोक तपकिरी असेल तर सगळं ठीक.

इंजिन सुरू होतं, पण वेग पकडत नाही? सायलेन्सरच्या तोंडाशी बारीक जाळी असते, तिच्यावर काजळी साचते. ही जाळी सहसा कोणी बघत नाही आणि उगाच कार्ब्युरेटरचे स्क्रू पिळत बसतात! जाळी काढून तारेच्या ब्रशने घासा.

गवत कापणारी नायलॉनची दोरी सारखी तुटत असेल तर बसवण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवा. वाळकी दोरी ठिसूळ होते.