रूळ उखडलेल्या पुलाखाली

रूळ काढून मोटारींसाठी खुला केलेला एक जुना, रिव्हेटचा (म्हणजे पट्ट्या जोडणाऱ्या डोकेदार खिळ्यांचा) पोलादी रेल्वेपूल तपासायला मी गेलो, तेव्हा "ज्याने इंजिने पेलली त्याला मोटारींचे काय ओझे" हे वाक्य इतक्या जणांकडून ऐकले होते, की शिडीने डेकखाली, म्हणजे पुलावरच्या रस्त्याच्या खाली, उतरताना माझाही त्यावर निम्मा विश्वास बसला होता.

मुख्य गर्डरांपुरते, म्हणजे पुलाच्या मोठ्या तुळयांपुरते, ते खरेच ठरले. खोट डेकखालच्या सांध्यांत होती. रेल्वेची चाके रुळांची रेषा सोडत नाहीत आणि लांबीचे गर्डर त्याच दोन रेषांच्या आधारासाठी बसवलेले असतात. ट्रकचे चाक मात्र त्या गर्डरांच्या मधोमध किंवा थेट कठड्यालगतही येते. शिवाय स्लीपरांच्या जागी ओतलेला २० सेंटिमीटर जाडीचा काँक्रीटचा स्लॅब दर चौरस मीटरला ५०० किलोच्या आसपास वजन कायमचे लादतो. पण खरा घात पाण्याने केला होता. पूर्वी पाऊस स्लीपरांच्या फटींतून सरळ खाली गळत असे. स्लॅबने ती वाट बुजवली आणि त्याला पुरेसा उतारही ठेवलेला नव्हता.

मी हातोडीने एकेक रिव्हेट ठोकत निघालो. घट्ट रिव्हेट खणखणतो, सैल झालेला दबका बोलतो. चौथ्या आडव्या गर्डरच्या सांध्यावर, नेमके जिथे निचऱ्याच्या आखूड नळीचे तोंड उघडत होते तिथे, रिव्हेटांच्या डोक्यांखालून तांबडे ओघळ उतरले होते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. त्याच्या पापुद्र्यांनी दोन पट्ट्या एकमेकींपासून इतक्या ढकलल्या होत्या, की फटीत नाणे शिरले असते. एका रिव्हेटच्या डोक्यावर बोट टेकवून मी वाट पाहिली. वरून भरलेला ट्रक गेला आणि बोटाखाली ते डोके स्पष्टपणे हलले. इतकी वर्षे हे काम करूनही मी हात चटकन मागे घेतला.

त्याच सांध्यात असे पाच रिव्हेट निघाले. दुपारीच फोन करून मी अवजड वाहने थांबवायला सांगितले. पलीकडून पुन्हा इंजिनांचाच दाखला मिळाला, पण संध्याकाळपर्यंत वाहने थांबली. पुढे सैल रिव्हेट काढून तिथे उच्च ताकदीचे बोल्ट बसवले गेले. नळी गर्डरच्या खालपर्यंत वाढवण्याचे काम सर्वांत स्वस्त होते, म्हणूनच बहुधा ते सर्वांत शेवटी झाले.