तान्ह्या पोळ्याच्या बैलांपासून बालवाडीच्या कोपऱ्यापर्यंत : आमची वाटचाल

आमचा घरचा धंदा तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलांचा. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी धोतर-पागोटं घातलेली पोरं आपला बैल ओढत घरोघर जातात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, घेतात. चार वर्षांचं पोर त्या दिवशी शेतकरी असतं, आणि सगळा मोहल्ला त्याला शेतकरी मानतो. मोठ्यांचं हे मानणं मला फार मोलाचं वाटतं. आमचा आजचा व्यवसाय त्यावरच उभा आहे.

बैलांचा हंगाम छोटा. बाकीच्या महिन्यांत कारागिरांच्या हाताला काम हवं, म्हणून आम्ही बालवाड्यांसाठी भातुकली बनवू लागलो. सुरुवातीला मागणी हुबेहूब वस्तूंची होती : बटणांची गॅसशेगडी, नळाचं सिंक, फ्रिज. माल पोचवायला गेलो की मी थोडा वेळ मुलांचा खेळ बघत बसायचो. शेगडीवर फक्त स्वयंपाकच व्हायचा. शेजारचा बिनरंगी ठोकळा मात्र कधी फोन व्हायचा, कधी साबण, कधी ताप आलेलं बाळ. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव विगॉट्स्की यांनी १९३३ साली हेच मांडलं होतं : काठीचा घोडा करताना मूल वस्तूपासून अर्थ सुटा करायला शिकतं. अगदी लहानांना ओळखीची वस्तू लागते, कपासारखा कप लागतो. पण चार-पाच वर्षांच्या मुलांना सगळं तयार दिलं, तर त्यांनी कल्पना कशाची करायची?

मग आम्ही पेट्या करू लागलो. एक बुटकी मांडणी, दोन फळ्या, ठोकळे, सुती कापडाचे तुकडे, तराजू, रिकाम्या पाट्या. याच सामानाचा दवाखाना होतो, एसटी होते, कळमन्याचा संत्राबाजार होतो. सगळ्यात जास्त चालतो तो तर्री-पोह्याचा ठेला. ठेल्याचा मालक कोण यावर भांडण होतं, मग पाळी ठरते. पाटीवर भाव म्हणून रेघोट्या उमटतात. गिऱ्हाईक उधारी मागतं, मालक नाही म्हणतो. एरवी वर्गात तोंड न उघडणारी मुलगी "तर्री संपली, उद्या या" असं ठणकावून सांगताना मी पाहिली आहे. फीस भरून पोरं पोहे विकतात, अशी तक्रार पालक करतात, तेव्हा मी त्यांना अर्धा तास तिथे बसायची विनंती करतो. बोलणं, मोजणं, थांबणं, दुसऱ्याच्या जागी उभं राहणं, हे सगळं त्या ठेल्यावर चाललेलं असतं. २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही तीन ते आठ वयासाठी खेळालाच शिकण्याचा गाभा मानलं आहे.

पेटीसोबत आम्ही ताईंशी बोलतो, आणि माझ्या मते पेटीपेक्षा हे बोलणं महत्त्वाचं. रंगलेल्या खेळात जाऊन "हा कोणता रंग? प्लेटा किती?" विचारलं की खेळ तिथेच मोडतो. त्याऐवजी गिऱ्हाईक होऊन जा, "भाऊ, एक प्लेट, तर्री कमी" म्हणा, पैसे द्या आणि निघा. खेळ अडलाच तर भूमिकेत राहूनच धागा द्या : "माझी बस सुटते, बांधून द्याल का?" वीस मिनिटांच्या तासिकेत पात्रं ठरेपर्यंतच घंटा होते. सलग पाऊण तास तरी हवा. आणि अर्धवट खेळ आवरून टाकू नका, उद्यासाठी राहू द्या.

१ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. आमच्यासारख्या लहान कारखान्याला चाचण्यांचा खर्च जड गेला, पण नियम योग्यच आहे. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यात ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या मोजनळीत पूर्ण मावेल असा सुटा भाग चालत नाही. म्हणून त्या पेटीतले मणी आणि लहान वजनं आम्ही काढली.

विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे एप्रिल-मे आमचा घाईचा काळ. सध्या अंगणवाड्यांसाठी हलकी पेटी करतो आहोत. तिथे जागा एका खोलीची, तीच खाऊ वाटायची आणि तीच खेळायची. त्यामुळे मदतनीस ताईंना एकट्याने उचलता येईल आणि झाकण उलटं केलं की ठेला होईल, अशी तिची रचना आहे.