सातवी पायरी की नववी

खडकवासल्यातून पाणी सोडलं की पुणेकराला घरात बसवत नाही. भिडे पूल बुडाल्याचं कळायचा अवकाश, छत्री घेऊन मंडळी लकडी पुलावर हजर. परवा दुपारी मीही कठड्याला टेकून गढूळ पाणी बघत होतो. शेजारी उभे असलेले आजोबा कुणाकडेच न बघता म्हणाले, "हे काहीच नाही. एकसष्ट साली..." झालं! मोबाइल खिशात गेले आणि तीन-चार डोकी त्यांच्याकडे वळली.

पानशेतचा पूर जुन्या पेठांतल्या घराघरात आहे, आणि प्रत्येक घराला आपलाच पूर खरा वाटतो. १२ जुलै १९६१, बुधवार. काम पुरतं न झालेलं पानशेतचं धरण सकाळी फुटलं, मागोमाग खडकवासला गेलं आणि लकडी पुलावरून पाणी वाहिलं. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. पुढे ज्याचा त्याचा पूर.

आमच्याकडे वाद होता पायरीचा. लाईट गेले की आजी पूर काढायची. तिच्या मते वाड्याच्या जिन्याची नववी पायरी बुडाली होती, आत्याच्या मते सातवी.

"मी तिथं उभी होते, आई."

"उभी कसली, रडत होतीस. तुला काय दिसणार?"

आत्या तेव्हा बारा वर्षांची. आपण रडलो हे तिने शेवटपर्यंत कबूल केलं नाही. घर सोडताना आजीचे दागिने फडताळात राहिले आणि हातात आली ती मळून ठेवलेल्या कणकेची परात. कणीक का? तर म्हणे, "उघडी होती ना!" या उत्तराला आम्ही पोरं दरवेळी तितकीच हसायचो.

ही कणीक कुणी रचून सांगणार नाही. रचणारा देव्हाऱ्यातले देव उचलेल, फार तर सासऱ्यांची पोथी. हल्ली सकाळी उठल्याउठल्या फोनवर 'सत्यघटना' येऊन पडतात. गरीब मुलगा, श्रीमंत शेठ, शेवटी दोघांच्याही डोळ्यांत पाणी आणि खाली जोडलेले हात. मी त्या उघडतसुद्धा नाही. सगळं असं जागच्या जागी बसलं की मला संशय येतो. आमच्या पुराला शेंडा ना बुडखा. कणकेचं पुढे काय झालं हेही कुणी सांगितलं नाही.

पण एकसष्टच्या आधीचा आमच्या घरात एकही फोटो नाही. अल्बम, पत्रिका, आजोबांची सर्टिफिकेटं, सगळ्याचा गाळात लगदा झाला. तरुणपणीचे आजोबा मला आजीच्या तोंडूनच ठाऊक आहेत: "नाक मोठं, चाल घाईची आणि भाजीत मीठ कमी पडलं तर बोलायचे नाहीत, नुसते बघायचे." आता असं ऐकल्यावर फोटो हवा कशाला? (हवा होता. नाक नक्की केवढं ते कळलं असतं.)

एकदा मुंबईहून पाहुणे आले होते. आजीने नेहमीप्रमाणे पूर लावला. नवव्या पायरीपर्यंत पोचली असेल, तेवढ्यात मोरीत भांडी घासणाऱ्या मावशी म्हणाल्या, "दिवसा आला म्हणून वाचलो, आई. रात्री आला असता तर आमची वस्ती उठलीच नसती."

मावशींचं तेव्हाचं घर नदीकाठी. पत्रे गेले, भांडी गेली, पण नवरा-बायको पोरं कडेवर घेऊन वर आली. पुढे गोखलेनगरच्या अर्धगोल पत्र्याच्या निसन हटमध्ये राहिल्याचं त्या अधूनमधून बोलायच्या, तेवढं आम्हाला माहीत होतं. त्या दिवशी राख लावलेला हात तसाच धरून त्यांनी मधलं सांगितलं. पूर ओसरल्यावर नवरा रोजावर गाळ उपसायला जाऊ लागला. शहरातले वाडे, मातीच्या भिंती, पाणी पिऊन फुगलेल्या. आठव्या दिवशी एक भिंत त्याच्या अंगावर आली.

पाहुण्यांनी कप खाली ठेवले. आजी म्हणाली, "अगं, इतकी वर्षं येतेस, कधी बोलली नाहीस ते?"

"तुमचं चाललेलं असायचं ना," मावशी म्हणाल्या आणि तांब्या पुढे ओढला.