तीन तासांची बाटली

आज आत्याची चौथी केमो. आधी उलटीचं, अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन झालं, मग मोठी बाटली लागली. सिस्टरनी लेबल मोठ्याने वाचून नाव आणि डोस दोनदा ताडून पाहिला. पॅक्लिटॅक्सेल. थेंब पडायला लागले तशी आत्या म्हणाली, "हे कशापासून बनवतात रे?"

तीन तास होतेच हाताशी, सांगत बसलो. १९६२ साली अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलातून यू नावाच्या झाडाची साल गोळा झाली. हजारो वनस्पती तपासायचं सरकारी काम चालू होतं, त्यातलीच एक. तिच्यातलं नेमकं द्रव्य वेगळं करून १९७१ मध्ये त्याची रचना जगापुढे मांडली ती मनरो वॉल आणि मनसुख वाणी यांच्या गटाने. वाणी जन्माने आपल्या नंदुरबारचे!

आत्याने उशीवरून मान वळवली. "आपल्या नंदुरबारचे?" तिचं सगळं बालपण तिथलं.

पुढे १९७९ मध्ये सुझन हॉरविट्झ यांनी दाखवलं, की हे औषध पेशीतल्या सूक्ष्म नळ्या घट्ट धरून ठेवतं, त्यामुळे पेशीला दोन होताच येत नाही. रुग्णांसाठी मान्यता मिळाली ती थेट १९९२ मध्ये. साल गोळा करणारा वेगळा, रचना उलगडणारे वेगळे, तपासणारे डॉक्टर वेगळे. तीस वर्षं एकमेकांच्या हातात काम देत राहिले. मला तर भरून आलं सांगताना.

आत्या बराच वेळ बाटलीकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, "वाण्यांचा फोटो आहे का मोबाइलमध्ये? दाखव."