पक्षीनोंदीचे अ‍ॅप: स्क्रीनच्या अवस्थांसाठी आकृतीची निवड

चोडणच्या सलीम अली पक्षी अभयारण्यातून परतताना, रायबंदरकडे येणाऱ्या फेरीबोटीत मी स्वतः बनवत असलेल्या पक्षीनोंदीच्या अ‍ॅपमध्ये एका खंड्याची नोंद भरून ‘जतन करा’ दाबले, मांडवीच्या मध्यावर नेटवर्क गेल्याने काहीच हालचाल दिसेना म्हणून पुन्हा दाबले, आणि धक्क्याला लागेपर्यंत यादीत तोच खंड्या दोनदा बसला होता.

आतापर्यंत मी स्क्रीनचे वर्तन फ्लोचार्टमध्ये मांडत होतो. फ्लोचार्टमधली चौकट म्हणजे कृती. त्यामुळे ‘जतन करा’पासून ‘जतन झाले’पर्यंत एक बाण ओढला की काम संपल्यासारखे वाटते, आणि सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहण्यात जाणारा वेळ, ज्यात वापरणाऱ्याचा अंगठा हमखास पुन्हा बटणाकडे वळतो, कागदावर कुठेच उमटत नाही.

म्हणून या वेळी प्रथम तक्ता आखला. डावीकडे नोंदीच्या चार अवस्था घेतल्या: कोरी, अपूर्ण, जतन होत आहे, जतन झाली. वर पाच घटना मांडल्या: मजकूर बदलला, बटण दाबले, यश, अपयश, मागे. २० घरांपैकी जेमतेम ७ घरांचे उत्तर माझ्याकडे तयार होते. कोरी नोंद असताना ‘यश’ येणे अशक्यच, तेव्हा अशा घरांवर फुली मारली. पण ‘जतन होत आहे’ या ओळीत ‘बटण दाबले’ खालचे घरही रिकामे होते, आणि माझा दुसरा खंड्या तिथूनच आला होता. त्याच ओळीतले ‘मागे’चे घर पाहून तर मी ओशाळलो, कारण तिथे काय व्हावे हा प्रश्नच मला कधी पडला नव्हता. आता त्या अवस्थेत बटण निष्क्रिय राहते, आणि मागे गेल्यास यादी दिसून जतन पार्श्वभूमीवर चालू राहते.

तक्ता रुक्ष असला तरी चुका पकडतो. मात्र नेटवर्क (आहे, नाही) आणि जीपीएस (शोधत आहे, सापडले, परवानगी नाही) त्यात मिसळले की तो हाताबाहेर जातो. अवस्था चौकटींनी आणि घटना बाणांनी दाखवणाऱ्या साध्या स्टेट डायग्रॅममध्येही हे सारे एकत्र केल्यास ४ × २ × ३ म्हणजे २४ चौकटी होतात. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड हारेल यांनी १९८७ साली शोधनिबंधातून मांडलेल्या स्टेटचार्टमध्ये, म्हणजे स्टेट डायग्रॅमच्याच विस्तारित रूपात, हे तीन भाग तुटक रेषेने विभागून समांतर दाखवता येतात, आणि ९ चौकटींत काम भागते. ही पद्धत त्यांना विमानातील इलेक्ट्रॉनिक यंत्रणेवर काम करताना सुचली होती. माझा पसारा तेवढा नसला तरी गुंता त्याच जातीचा आहे.

साधनाबाबत थोडक्यात सांगतो. लिहिलेल्या मजकुरातून आकृती काढणाऱ्या मर्मेड या साधनाची आकृती गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर थेट दिसते, हा मोठाच लाभ आहे. पण दोन वेगवेगळ्या संयुक्त अवस्थांच्या (ज्यांच्या पोटात आणखी अवस्था असतात) आतल्या चौकटी त्यात थेट बाणाने जोडता येत नाहीत. मला नकाशावरून फॉर्मकडे परतताना आधीची आतली अवस्था लक्षात ठेवणारे ‘एच’ चिन्हही हवे होते, ते प्लांटयूएमएल या तशाच दुसऱ्या साधनात आहे, म्हणून त्याला लागणारे जावा आणि ग्राफविझ हे सॉफ्टवेअर बसवण्याचा त्रास पत्करला. संदेशांचा क्रम दाखवणारा सीक्वेन्स डायग्रॅम मी एकच ठेवला आहे, फोन आणि सर्व्हर यांच्यातील देवाणघेवाणीचा. स्क्रीनसाठी तो वापरणार नाही.

स्टेटचार्ट काढताना ‘जतन झाली’ ही अवस्था फसवी असल्याचे लक्षात आले, कारण फोनवर जतन होणे आणि सर्व्हरवर पोहोचणे यांत फेरीबोटीचा अख्खा प्रवास मावतो. तिचे दोन भाग केल्याने तक्ता २५ घरांचा झाला असून त्यातली ३ घरे अजून रिकामी आहेत.